त्याच्या स्वभावात खोट शोधू नका, वर्ग कसा वागतो ते पाहा

एका आईने विचारलं आहे : मुलगा आठवीत आहे. वडिलांच्या बदलीमुळे जूनमध्ये आम्ही तालुक्याच्या गावाहून पुण्याजवळ राहायला आलो. वर्गातली काही मुलं त्याच्या बोलण्याची नक्कल करतात. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्या चेहऱ्याचे स्टिकर फिरतात, त्याला ग्रुपमधून काढतात, परत घेतात, परत काढतात. आता त्याच्या नावाने इन्स्टाग्रामवर खोटं खातं निघालं आहे. हे त्याच्या मामेबहिणीकडून कळलं, तो स्वतः काही बोलला नाही. तो पहिल्यापासून भिडस्त आहे. 'ह्यां'चं म्हणणं, तूही दोन ठेवून दे. फोन काढून घ्यावा का? शाळा बदलावी का? त्याच्यात नेमकं काय कमी आहे?

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते. त्याच्यात काही कमी नाही, आणि हे मी तुम्हाला धीर द्यायला म्हणत नाही. शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना मी अशी मुलं पाहिली आहेत, जी एका तुकडीत रोज रडत होती आणि तुकडी बदलल्यावर त्याच भिडस्त स्वभावानिशी मजेत राहू लागली. भिडस्त मूल पटकन उलट बोलत नाही, म्हणून त्याला त्रास देणं सोपं जातं, एवढंच खरं. पण 'ह्याच्यातच काहीतरी कमी असेल' असं घरात हळू आवाजात बोललं गेलं तरी त्याला ते ऐकू येतं. तो स्वतःला आधीच तेच विचारत असतो.

शाळेत तुम्हाला बहुधा ऐकवलं जाईल की मुलांची मस्करी चालायचीच. तेव्हा तीन खुणा हाताशी ठेवा, त्या कुठून आल्या ते आधी सांगते. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात तीन मुलांनी आत्महत्या केल्या. वर्गातल्या मुलांचा छळ हे त्यामागचं कारण असावं असं समोर आलं आणि १९८३ मध्ये तिथे देशभर मोहीम सुरू झाली. त्या कामात पुढे असलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी मस्करी आणि छळ वेगळे करायला ज्या खुणा दिल्या, त्या आजही जगभर वापरतात : दुखवण्याचा हेतू असणं, ते पुन्हापुन्हा होणं, आणि दोन्ही बाजूंचं बळ असमान असणं. बळ म्हणजे फक्त दंडातली ताकद नव्हे. चाळीस मुलं पहिलीपासून एकत्र आहेत आणि तुमचा मुलगा जूनमध्ये आला. ग्रुपमधून कुणाला काढायचं ते ॲडमिन ठरवतो. तुम्ही लिहिलेल्यात तिन्ही खुणा आहेत.

मग त्याच्याच वाट्याला का? धोका वाढवणाऱ्या गोष्टींत सर्वांत वर मी एकटेपणा ठेवते. नवीन आलेलं, अजून मित्र न झालेलं मूल पहिल्यांदा निवडलं जातं, कारण त्याच्या बाजूने कुणी उठणार नाही याची खात्री असते. मग निमित्त शोधलं जातं. आपल्या शाळांमध्ये ही निमित्तं कोणती ते सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त पालकसभेत कुणी उच्चारत नाही. आडनावावरून जात हुडकणं, शिष्यवृत्तीच्या यादीवरून चिडवणं, काळा रंग, वजन, तोतरेपणा, मुलगा असून 'बायकी' चालणं, वडील काय काम करतात ते. आणि बोली. तुमचा मुलगा 'पाणी'ला 'पानी' आणि 'लोणी'ला 'लोनी' म्हणत असेल, तर तो चुकीचं बोलत नाही, त्याच्या गावची मराठी बोलतो. मराठीच्या तासाला तो उभं राहून धडा वाचतो आणि वर्ग हसतो, तेव्हा बाई काय करतात हे मला पहिलं जाणून घ्यायचं आहे. त्या रागावतात, दुर्लक्ष करतात, की त्याही ओठातल्या ओठात हसतात? कुठला वेगळेपणा हसण्याजोगा आहे हे मुलं बरेचदा मोठ्यांकडून उचलतात. शिक्षक वर्गात 'ए जाड्या, उभा राहा' म्हणत असतील, शिष्यवृत्तीची नावं सगळ्यांसमोर पुकारत असतील, तर मधल्या सुट्टीत जे होतं त्याला परवानगी तासातच मिळालेली असते.

त्रास देणाऱ्या मुलांबद्दलही एक समजूत सोडावी लागेल. ती सगळी घरी मार खाणारी, अभ्यासात मागची मुलं नसतात. काही तशी असतात. घरात सतत मारहाण किंवा अपमान पाहिलेलं मूल बळ म्हणजे काय ते तिथेच शिकतं. पण बरीच मुलं लोकप्रिय, बोलकी, शिक्षकांची आवडती असतात. एखाद्याला टार्गेट करून त्यांना वर्गात वजन मिळतं आणि ते टिकवायला ती पुन्हा करतात. तिसरा एक गट आहे, ज्यांची मला सर्वांत काळजी वाटते : एका ठिकाणी मार खाणारी आणि दुसऱ्या ठिकाणी मारणारी मुलं. मोठेपणी चिंता, नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांचं प्रमाण याच गटात जास्त आढळलं आहे. वडिलांचा 'दोन ठेवून दे' हा सल्ला मला नको वाटतो तो याचसाठी. बळ असमान असताना तो हात उचलेल, त्याच दिवशी त्याचा व्हिडिओ निघेल, आणि मुख्याध्यापकांसमोर तो आरोपी म्हणून उभा असेल. त्यांच्या सल्ल्यामागची तगमग मला समजते. आपलं पोर मुकाट सहन करतंय हे बापाला बघवत नाही. ती तगमग त्यांनी मुलासमोर वेगळ्या शब्दांत बोलून दाखवली तर त्याला फार आधार वाटेल.

आता वर्गाकडे येते, कारण बदल घडतो तो बहुतेक तिथे. टोरांटोमधल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावर पहिली ते सहावीच्या मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन लावून आणि दुरून चित्रण करून त्यांचं वागणं टिपलं होतं. २००१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. छळाच्या दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत इतर मुलं तिथे हजर होती. त्यांपैकी कुणी मध्ये पडलं असे प्रसंग १९ टक्केच. पण कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, म्हणजे ५७ टक्के वेळा, दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबला. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये या बघ्यांच्या भूमिका वेगळ्या करून दाखवल्या : काही सामील होतात, काही हसून चढवतात, काही लांब सरकतात, थोडे बाजू घेतात. तिथल्या शाळांमधला 'किवा' हा छळविरोधी कार्यक्रम याच पायावर उभा आहे.

तुमच्या मुलाच्या ग्रुपवर हे कसं दिसेल? स्टिकर बनवणारे दोनतीन असतील. हसण्याचे इमोजी टाकणारे आठदहा. उरलेली मुलं मेसेज वाचून गप्प बसतात. त्या गप्प मुलांपैकी बऱ्याच जणांना हे आवडत नसतं. एकेकट्याशी बोलल्यावर ती मला सांगतात, 'मला वाईट वाटत होतं, पण मी बोललो असतो तर उद्या माझा स्टिकर निघाला असता.' प्रत्येकाला वाटतं की आपण सोडून बाकी सगळ्यांना मजा येतेय. ही गैरसमजूत मोडणं हे शिक्षकांचं आणि समुपदेशकांचं काम आहे, आणि ते 'सर्वांनी मिळूनमिसळून राहावे' या भाषणाने होत नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये ५६ शाळांत एक प्रयोग झाला, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथे मोजक्या मुलांना हाताशी धरून भांडणांविरुद्ध उघडपणे बोलायला प्रोत्साहन दिलं गेलं. वर्षभरात शिस्तभंगाच्या नोंदीत शिरणारी मुलांमधली भांडणं सुमारे २५ टक्क्यांनी घटली. ज्यांच्याकडे इतर मुलं बघतात, अशी मुलं त्या मोजक्यांत जास्त होती तिथे परिणाम अधिक दिसला. म्हणून मी शिक्षकांना सांगते, मॉनिटरला नेमू नका. ज्याची केसांची स्टाइल सगळे उचलतात त्याला बोलवा.

आपल्या देशातला पुरावा त्याहून मोलाचा वाटतो. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'संगत' या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये 'सेहेर' नावाचा कार्यक्रम केला. प्रार्थनेच्या वेळी चर्चा, भित्तिपत्रक, मुलांनी चिठ्ठ्या टाकायची पेटी, छळाविरुद्ध शाळेचं लेखी धोरण, मुलांचे गट, आणि अडचणीतल्या मुलाशी स्वतंत्र बोलणं. काही शाळांत हे काम बाहेरून नेमलेल्या प्रशिक्षित पण डॉक्टर-मानसशास्त्रज्ञ नसलेल्या समुपदेशकाने केलं, काही शाळांत तिथल्याच शिक्षकाने, आणि काही शाळा तुलनेसाठी ठेवल्या. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले : समुपदेशकाच्या शाळांमध्ये नववीच्या मुलांना शाळा आपली वाटू लागली, छळ घटला, उदासी घटली. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. याचा अर्थ शिक्षक वाईट, असा मी काढत नाही. अभ्यासक्रम, परीक्षा, सर्वेक्षणं यांत अडकलेल्या माणसावर आणखी एक काम टाकलं की ते कागदावर राहतं. शिवाय ज्याच्या हाती गुण आहेत त्याला मूल सगळं सांगत नाही. शाळेत एक असा मोठा माणूस हवा, ज्याचं कामच ऐकणं आहे.

आता फोन. 'सायबर' शब्दाने पालक इतके घाबरतात की मोबाइल हाच मुद्दा होऊन बसतो. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या एक लाखाहून जास्त पंधरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नियमितपणे फक्त ऑनलाइन छळ होतो आणि प्रत्यक्षात काहीच नाही, अशी मुलं एक टक्क्याहून कमी निघाली. तुमच्या घरातही तेच आहे. नक्कल वर्गात सुरू झाली, स्टिकर नंतर आले. पण फोनमुळे जे वाढतं तेही खरं आहे. पूर्वी शाळा सुटली की निदान घरी सुटका होती, आता रात्री साडेअकराला उशाशी तेच. बघणारे किती आहेत ते कळत नाही. समोरच्याचे डोळे भरलेले दिसत नाहीत, म्हणून एरवी भिणारं मूलही स्टिकर पुढे ढकलतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने ४४ देशांत केलेल्या २०२१-२२ च्या पाहणीत दर सहा शाळकरी मुलांपैकी एकाने ऑनलाइन छळ सोसल्याचं सांगितलं.

तरीही फोन काढून घेऊ नका. मुलं घरी सांगत नाहीत याची दोन कारणं मी सतत ऐकते : 'फोन काढून घेतील' आणि 'आई शाळेत येऊन तमाशा करेल.' त्रास त्याला झाला आणि शिक्षाही त्यालाच, असं त्याला वाटेल, आणि पुढचं काही तुम्हाला मामेबहिणीकडूनही कळणार नाही. रात्री सगळ्या घराचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचे, तुमचे आणि वडिलांचेही, असा नियम करा. तो सगळ्यांचा असला की शिक्षा वाटत नाही. त्या ग्रुपमधून बाहेर पडायचं की म्यूट करून राहायचं हे त्याला ठरवू द्या. गृहपाठ त्याच ग्रुपवर येत असेल तर बाहेर पडणं सोपं नसतं. गृहपाठ दुसऱ्या मार्गाने मिळावा ही मागणी वर्गशिक्षकांकडे तुम्ही करा.

घराचा भाग साधा वाटेल, पण मी त्याला फार मानते. इंग्लंड आणि वेल्समधल्या १,११६ जुळ्यांच्या जोड्यांचा लहानपणापासून अभ्यास चालू आहे. त्यात असं दिसलं की छळ सोसूनही जी मुलं सावरली, त्यांच्या घरी आईची माया, भावंडांचं सख्य आणि शांत वातावरण होतं. हुबेहूब जुळ्यांत दोघांचाही छळ झाला, तरी ज्याला आईकडून जास्त ऊब मिळाली त्याच्या वागण्यात कमी बिघाड दिसला. रंगसूत्रं तीच, घर तेच, आणि तरी फरक. अमेरिकेतल्या एका पाहणीत घरच्यांसोबत रात्रीचं जेवण नियमित होणाऱ्या मुलांवर ऑनलाइन छळाचा परिणाम सौम्य आढळला. जेवणात जादू आहे असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण रोज अर्धा तास, टीव्ही बंद, अभ्यासाची चौकशी न करता एकत्र बसलं की मुलाला बोलायला फट मिळते. समोरासमोर बसवून 'सांग काय झालं' विचारलं तर तो 'काही नाही' म्हणेल. भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसलेला असताना बोलतो. बोलेल तेव्हा 'मग तू काय केलंस?' हा प्रश्न गिळा. 'बरं झालं सांगितलंस, यात तुझी चूक नाही, पुढचं आपण तुला विचारून करू' एवढं म्हणा, आणि खरंच विचारून करा.

दुसरं, एक मित्र. दहा नकोत. १९९९ मध्ये कॅनडात झालेल्या अभ्यासात ज्यांना एक तरी सच्चा दोस्त होता, त्यांच्या बाबतीत छळ आणि त्यातून येणारं खचणं यांचं चक्र पुढे वाढत गेलं नाही. वर्गात कुणाशी थोडं जमतं ते हेरा, त्याला रविवारी घरी बोलवा, त्याच्या आईशी ओळख करा. शाळेबाहेर कबड्डी, तबला, चित्रकला, जिथे तो 'तो स्टिकरवाला' नसेल अशी एक जागा त्याला हवी. आणि गावाकडचे मित्र तोडू नका. त्यांच्याशी तो 'पानी' म्हणत मनमोकळं बोलू दे.

शाळेत जाण्याआधी पुरावा गोळा करा. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसला पाहिजे. इन्स्टाग्रामच्या खोट्या खात्याचं वर दिसणारं नाव बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची लिंकही लिहून ठेवा. हे झाल्यावर ॲपमध्येच 'दुसऱ्याच्या नावाने खातं' अशी तक्रार करा. ती पालकालाही करता येते. मूळ चॅट पुसू नका. एक सावधगिरी मात्र सर्व आयांसाठी : फोटो नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचा असेल, एआयने बनवलेला असला तरी, तो पुरावा म्हणूनसुद्धा नातेवाइकांना किंवा शिक्षकांना पुढे पाठवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाचा तसा फोटो बाळगणं आणि पसरवणं पोक्सो (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ बी खाली येऊ शकतं. थेट पोलीस ठाण्यात जा किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार द्या. 'टेक इट डाउन' ही अमेरिकेतली मोफत सेवा अल्पवयीन मुलांचे असे फोटो सहभागी समाजमाध्यमांवरून हटवायला मदत करते. मूळ फोटो आपल्या फोनबाहेर जात नाही. दुसऱ्याच्या नावाने खातं चालवणं हाही कायद्याचा विषय होऊ शकतो, पण तुमच्या बाबतीत करणारीही आठवीतलीच मुलं आहेत. पोलिसांआधी शाळेला एक नीट संधी द्यावी असं मला वाटतं.

त्या भेटीत मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्रात २०२२ पासून शाळांमध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करायची आहे, तिच्यासमोर विषय ठेवा असं त्यात लिहा. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे, तोही विचारा. दोन गोष्टींना नकार द्या. दोन्ही बाजूंच्या मुलांना केबिनमध्ये समोरासमोर उभं करून 'सॉरी म्हण, हात मिळव' करायला लावणं. बळ असमान असताना त्या मिळवलेल्या हाताचा सूड व्हॅनमध्ये निघतो. आणि संपूर्ण वर्गासमोर तुमच्या मुलाचं नाव घेऊन झाडणं. त्याऐवजी सामील मुलांना एकेकटं बोलवावं, त्यांच्या पालकांना शाळेने बोलवावं (तुम्ही त्यांच्या दारी जाऊ नका), मधल्या सुट्टीत आणि व्हॅनमध्ये कोण लक्ष ठेवणार ते ठरावं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भेटायची तारीख त्याच बैठकीत घ्यावी. तारीख न घेता निघालात तर प्रकरण तिथेच विरतं.

सोमवारी सकाळी पोटात दुखणं, डबा तसाच परत येणं, झोप उडणं, आवडीचं सुटणं ही लक्षणं दोनतीन आठवड्यांहून जास्त टिकली तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं काही बोलला, लिहिलं, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर त्याच दिवशी. त्याला एकटं सोडू नका, आणि थेट विचारा की मरण्याचे विचार येतात का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. 'मोठा झाला की विसरेल' यावर विसंबू नका. ब्रिटनमध्ये १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. लहानपणी वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये पन्नाशीतही नैराश्य आणि चिंता जास्त दिसली.

राहिला शाळा बदलण्याचा प्रश्न. आत्ता लगेच नको. एका वर्षात दुसऱ्यांदा 'नवीन मुलगा' होणं हा स्वतःच मोठा धोका आहे, आणि ग्रुप फोनवर असल्याने स्टिकर नव्या शाळेतही पोहोचू शकतात. आधी त्याच शाळेत तुकडी बदलून मिळते का ते विचारा, तेही त्याची इच्छा असेल तर. लेखी तक्रार आणि दोन पाठपुराव्यांनंतरही शाळा 'मस्करी' म्हणत राहिली, किंवा मारहाण, लैंगिक त्रास, जातीवरून अपमान असा प्रकार झाला, तर मात्र वर्ष संपायची वाट न पाहता दाखला काढा. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटून झालेलं सांगा आणि त्याला एखाद्या समजूतदार मुलाशेजारी बसवायची विनंती करा. निघताना मुलाला स्पष्ट सांगा की शाळा आपण सोडतोय, कारण तिने तिचं काम केलं नाही.